मिश्रणाची उदाहरणे : सोने, दूध आणि मोरचूद



अंकगणिताच्या पुस्तकात नफा-तोटा, सरळव्याज, काळ-काम-वेग ही प्रकरणे बहुतेक मुले कशीबशी पार करतात आणि गुणोत्तर व मिश्रण या प्रकरणाशी येऊन थबकतात. बँकेच्या, रेल्वेच्या आणि इतर स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्यांना तर हे प्रकरण टाळून चालत नाही. मग बाजारातील मार्गदर्शक पुस्तक उघडावयाचे, त्यातील फुलीची आकृती पाठ करावयाची, दोन आकडे वर, एक मध्ये, दोन खाली, आणि तिरकी वजाबाकी करून मोकळे व्हावयाचे. उत्तर येते. परंतु उदाहरणाचे शब्द थोडे फिरवले की तीच आकृती फसवते, आणि आपण कोठे फसलो हेही उमगत नाही. म्हणून या लेखात आकृती शेवटी आणि तिच्यामागचा विचार आधी, असा क्रम मी घेतला आहे.

मी मूळचा सौंसरचा. पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके मध्य प्रदेशात, नागपूरच्या उत्तरेस, संत्र्यांच्या आणि कपाशीच्या पट्ट्यात येतात. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली दोहोंचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा मराठी बोलणारा हा तुकडा मध्य प्रदेशात राहिला. त्याच दिवशी इकडे बेळगाव-विजापूरकडील मुलूख म्हैसूर राज्यात गेला. तेव्हा घरी एक भाषा आणि फळ्यावर दुसरी, ही गोष्ट मला या महाविद्यालयात आल्यावर नवी वाटली नाही.

गणिताशी याचा संबंध आहे, म्हणूनच सांगतो. मराठी पुस्तकात ज्याला 'गुणोत्तर' म्हणतात त्याला हिंदीत 'अनुपात' म्हणतात, आणि आपल्या कन्नड विभागातील मित्रांच्या पुस्तकातही 'अनुपात' हाच शब्द आहे. दोन गुणोत्तरे समान असली तर मराठीत ती 'प्रमाणात' आहेत असे म्हणतो; हिंदी आणि कन्नड दोन्हींत त्यासाठी 'समानुपात'. आता 'प्रमाण' हा शब्द हिंदीत गेला की पुरावा होतो, आणि कन्नडमध्ये 'प्रमाणवचन' म्हणजे शपथ! आमच्याकडे वावरात औषध कालवताना मोठी माणसे "प्रमाण नीट घे" म्हणतात आणि शाळेत गुरुजी "अनुपात निकालो" म्हणतात. हे दोन्ही एकच काम आहे हे ज्या मुलाला कोणी सांगत नाही, त्याला गणित अवघड वाटते; खरे तर अवघड असतो तो शब्द. 'गुणोत्तर' म्हणजे 'किती पट?' या प्रश्नाचे उत्तर, अशी मी वर्गात समजूत करून देतो. व्याकरणकारांनी रागावू नये.

आता मुख्य विषयाकडे वळू.

पहिली अडचण बहुधा येथे येते : भाग आणि एकूण यांची गल्लत. आमच्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी घालण्याची जुनी रीत आहे. समजा कपाशीच्या आठ ओळींमागे तुरीच्या दोन ओळी पेरल्या. कपाशी व तूर यांचे गुणोत्तर ८ : २, म्हणजे ४ : १. तर मग वावराचा कितवा हिस्सा तुरीचा? वर्गात विचारा, निम्मी मुले 'चौथा' म्हणतील. तो पाचवा आहे. एकूण भाग ४ आणि १ मिळून ५ होतात. 'चारास एक' आणि 'चारात एक' यांत एका अक्षराचा फरक आहे, पण पाच एकरांच्या वावरात तो पाव एकराचा फरक होतो. उदाहरणात गुणोत्तर दिसले की प्रथम त्याच्या भागांची बेरीज समासात लिहून ठेवावी. हा नियम मी कोणालाही मोडू देत नाही.

दुसरी गोष्ट, गुणोत्तराला एकक नसते. आमच्या आजोबांच्या पिढीत पायली, कुडव, शेर, मण, खंडी ही मापे चालत, आणि एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीएवढी असेलच असे नव्हते. तरी 'तीन पायल्या ज्वारीस एक पायली डाळ' हे सांगणे कोणत्याही गावात खरे ठरे, कारण दोन्हीकडे तीच पायली. माप बदलले, गुणोत्तर टिकले. मात्र एका धान्यास शेर व दुसऱ्यास पायली वापरली की सर्व कोलमडले. परीक्षेत ग्रॅम आणि किलो, मिलिलिटर आणि लिटर यांची सरमिसळ करून परीक्षक नेमके हेच पाहतात.

तिसरा एक मासला पाहा. एका भांड्यात दूध व पाणी ३ : १, दुसऱ्या तेवढ्याच भांड्यात ५ : ३. दोन्ही एकत्र ओतली, तर नवे गुणोत्तर काय? घाईचा विद्यार्थी ३ आणि ५ आठ, १ आणि ३ चार, म्हणून ८ : ४, अर्थात २ : १, असे उत्तर देतो. बरोबर रीत अशी : पहिल्यात दूध तीन-चतुर्थांश, दुसऱ्यात पाच-अष्टमांश. भांडी सारखी आहेत, म्हणून प्रत्येकी आठ भाग धरू. पहिल्यात दूध ६, पाणी २. दुसऱ्यात दूध ५, पाणी ३. एकूण दूध ११, पाणी ५. उत्तर ११ : ५.

गंमत अशी की घाईचे उत्तरही कोठेतरी बरोबर असते. पहिले भांडे ४ लिटरचे आणि दुसरे ८ लिटरचे असते तर? पहिल्यात दूध ३, पाणी १. दुसऱ्यात दूध ५, पाणी ३. ओतल्यावर दूध ८, पाणी ४. म्हणजे नुसती बेरीज करणाऱ्याने नकळत भांडी ४ : ८ अशी गृहीत धरली होती. चुकीच्या उत्तराने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले, हे शोधून काढण्यासारखा दुसरा अभ्यास नाही. उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर हे करून पाहावे.

आता सोन्याकडे येऊ. मिश्रणाचे गणित आपल्याकडे सर्वांत जुने आणि सर्वांत सुबक मिळते ते सोनाराच्या मुशीत. भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ.स. ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी रचला. त्याचा अंकगणिताचा भाग म्हणजे लीलावती. त्यात मिश्रव्यवहार नावाचे प्रकरण आहे आणि त्यात सुवर्णगणित. भास्कराचार्य कोठले, यावर आपल्या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांत भांडण लागू शकेल. त्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड असे सांगितले आहे. त्यावरून काही विद्वान विजापूर म्हणतात. इतर चाळीसगावजवळच्या पाटण्याकडे बोट दाखवतात, कारण तेथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे त्यात नमूद आहे. मला हा वाद मिटवावयाचा नाही. त्यांच्याही तीनशे वर्षे आधी, मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळी महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला, त्यातही मिश्रकव्यवहार आहे. आणि बाराव्या शतकात राजादित्याने व्यवहारगणित कन्नडमध्येच लिहिले. तेव्हा या विषयावर दोन्ही विभागांचा सारखाच हक्क आहे, गुणोत्तर १ : १.

त्या काळी सोन्याची शुद्धता 'वर्णा'त मोजत आणि सर्वांत शुद्ध सोने सोळा वर्णांचे धरीत. लीलावतीतील एका उदाहरणाचे आकडे असे आहेत. १३, १२, ११ आणि १० वर्णांचे सोने, वजने अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे. सर्व एकत्र आटवले तर किती वर्णांचे सोने होईल?

रीत सांगताना भास्कराचार्य प्रत्येक वजनाचा आणि वर्णाचा गुणाकार करून बेरीज घ्यावयास सांगतात. १० × १३ = १३०, ४ × १२ = ४८, २ × ११ = २२, ४ × १० = ४०; एकूण २४०. वजनांची बेरीज २०. भागले, १२ आले. मिश्रण बारा वर्णांचे.

येथे थोडे थांबू या. हे २४० म्हणजे काय आहे? तो ना मासा, ना वर्ण. ते आहे त्या मुशीतील खऱ्या सोन्याचे मोजमाप, अशा एककात की एक मासा शुद्ध सोने म्हणजे १६. आटवताना लाकूडफाटा जळेल, आकार जाईल, कंठी जाऊन लगड होईल, पण हे २४० हलत नाही. त्याच उदाहरणाचा पुढचा भाग हे दाखवतो : तेच वीस मासे सोने शोधून, हिणकस जाळून, १६ मासे उरले, तर वर्ण किती? २४० ÷ १६ = १५. आणि शोधून पूर्ण सोळा वर्णांचे केले, तर वजन किती राहील? २४० ÷ १६, पुन्हा १५, पण या वेळी मासे. पहिल्या प्रश्नात सोळा हे वजन होते, दुसऱ्यात सोळा हा वर्ण. आकडे तेच ठेवून अर्थ बदलण्याची ही युक्ती पाहून मला नेहमी वाटते की, भास्कराचार्य हे परीक्षक म्हणून फार बिलंदर असले पाहिजेत.

मिश्रणाच्या प्रत्येक उदाहरणात असे एक न हलणारे २४० दडलेले असते. ते शोधणे म्हणजेच उदाहरण सोडवणे. दुधात ते स्निग्धांश, पाकात साखर, औषधात औषधाचा अंश. बाहेरून पाणी घातले तरी साखर तीच. पाणी आटवले तरी साखर तीच. उदाहरण वाचून झाल्यावर 'क्ष मानू' असे लिहिण्यापूर्वी स्वतःस विचारावे : येथे न हलणारे काय आहे?

आता फुलीची आकृती. तीही लीलावतीत आहे, फक्त फुली काढलेली नाही. सोळा वर्णांची आणि दहा वर्णांची अशा दोन गोळ्या आटवून बारा वर्णांचे सोने झाले. दोहोंची वजने सांग, असे मित्राला उद्देशून विचारले आहे. रीत अशी की मोठ्या वर्णातून मिश्रणाचा वर्ण वजा करावा, १६ – १२ = ४; मिश्रणाच्या वर्णातून लहान वर्ण वजा करावा, १२ – १० = २. हे आकडे उलटे घ्यावेत : सोळा वर्णांचे २ भाग, दहा वर्णांचे ४ भाग.

उलटे का? येथेच बहुतेक पुस्तके गप्प बसतात. तराजू डोळ्यांसमोर आणा. सोळा वर्णांचा प्रत्येक मासा मिश्रणाला ४ जास्त देतो. दहा वर्णांचा प्रत्येक मासा २ कमी देतो. जास्तीची आणि तुटीची तोंडमिळवणी झाली पाहिजे. एकाच्या चाराची भरपाई करण्यास दुसऱ्याचे दोन मासे लागतात. म्हणून जो मिश्रणापासून दूर, तो थोडा. जो जवळ, तो पुष्कळ. मिश्रणाचा आकडा ज्याच्याकडे सरकलेला दिसेल त्याचेच वजन अधिक, एवढे ध्यानात ठेवले तर फुलीत आकडे उलटसुलट लिहिण्याची भीती राहत नाही. उत्तर पाहताच कळते की ते शक्य आहे की नाही.

हेच आजच्या सराफ्यात पाहा. शुद्ध सोने आता २४ कॅरेट धरतात. दागिन्यावरील ९१६ हा आकडा म्हणजे २२ भागिले २४, हजारात लिहिलेले. ७५० म्हणजे १८ कॅरेट. १६ जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आहे, तरी घरात आजीच्या वेळचे दागिने असतातच. समजा १२ ग्रॅम बावीस कॅरेटचे आणि ८ ग्रॅम अठरा कॅरेटचे आटवले. १२ × २२ = २६४, ८ × १८ = १४४, एकूण ४०८; भागिले २० = २०.४ कॅरेट. आता याचे बावीस कॅरेट करावयाचे तर चोवीस कॅरेटचे किती घालावे? तूट ग्रॅमला १.६, वीस ग्रॅमला ३२. चोवीसचा प्रत्येक ग्रॅम २ जास्त देतो. म्हणजे १६ ग्रॅम. ताळा : ४०८ + ३८४ = ७९२, भागिले ३६ = २२. वीस ग्रॅम जुन्यासाठी सोळा ग्रॅम शुद्ध सोने! लग्नाच्या घाईत 'थोडे चांगले सोने घालून बावीसचे करून द्या' असे जे म्हटले जाते, त्यातील 'थोडे' किती असते हे आता कळले असेल. हे गणित पेढीवर बसण्यापूर्वी घरी केलेले बरे.

दुधाचे एकच उदाहरण देतो. म्हशीचे दूध ७ टक्के स्निग्धांशाचे आणि गाईचे ४ टक्के, असे मिळून ४.५ टक्क्यांचे प्रमाणित दूध करावयाचे आहे. म्हशीचा प्रत्येक लिटर २.५ जास्त देतो, गाईचा ०.५ कमी. म्हशीचे १, गाईचे ५. (७ + २०) ÷ ६ = ४.५. संकलन केंद्रावर दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरतो, त्यामुळे गवळ्याला हे गणित तोंडपाठ असते. पुस्तकातील गवळी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाणीच घालत आला आहे. त्या बिचाऱ्याची अधिक बदनामी मी करीत नाही.

माझ्या भागातील खरे मिश्रण संत्र्याच्या बागेत तयार होते. संत्र्याला डिंक्या रोग होतो. फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव जमिनीलगत खोडाची साल कुजवतो आणि सालीतून डिंक पाझरू लागतो. त्यावर मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण वापरतात. फ्रान्समधील बोर्डो परगण्यात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना दूर ठेवण्यासाठी मोरचूद-चुना मारीत. त्या वेली केवडा रोगातून वाचल्याचे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि त्याने १८८५ मध्ये हे मिश्रण प्रसिद्ध केले. एक टक्का मिश्रणाचे गुणोत्तर १ : १ : १००, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. खोडाला लावावयाच्या पेस्टचे १ : १ : १०. मोरचूद तेवढेच, पाणी दशांश. म्हणून ती दाट होते आणि खोडाला चिकटून राहते.

दोनशे लिटरच्या ड्रमसाठी दोन-दोन किलो, हे कोणीही सांगेल. पण ते कालवतात कसे, यात खरा धडा आहे. मोरचूद शंभर लिटर पाण्यात वेगळे विरघळवावयाचे, चुना शंभर लिटरमध्ये वेगळा, आणि मग दोन्ही एकत्र ओतावयाचे. वेगळे असताना मोरचुदाचे द्रावण किती टक्के? शंभर लिटरमध्ये दोन किलो, म्हणजे दोन टक्के. चुन्याचेही दोन टक्के. एकत्र ओतल्यावर? 'दोन आणि दोन टक्के एकत्र केले तर दोनच टक्के राहणार' असे हुशार विद्यार्थी म्हणतो, आणि तो नियम बरोबरही आहे, पण एकाच पदार्थाच्या द्रावणांसाठी. येथे चुन्याच्या द्रावणात मोरचूद शून्य टक्के आहे. मोरचुदाच्या दृष्टीने ते नुसते शंभर लिटर पाणी. म्हणून दोनाचे एक झाले. कोणत्या पदार्थाच्या नावाने टक्केवारी मांडतो आहोत हे प्रत्येक ओळीत लिहावे, ते याचसाठी.

हे मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहण्याची शेतकऱ्याची कसोटीही सुंदर आहे. स्वच्छ लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते त्यात थोडा वेळ बुडवावे. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबे मोकळे राहिले आहे, चुना कमी पडला. चुन्याची निवळी आणखी घालावी. तसेच फवारले तर कोवळी पाने करपतात. याच कारणाने ते लोखंडी भांड्यात करीत नाहीत. रसायनशास्त्राने गणिताचा ताळा पाहण्याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

चुना कमी पडतो कसा, वजन तर बरोबर घेतले होते? कळीचा चुना हवेत पडून राहिला की त्याचा काही भाग निकामी होतो. समजा पोत्यातील चुना ८० टक्केच कामाचा उरला आहे. एक किलो खरा चुना हवा, तर किती घ्यावा? '२० टक्के कमी आहे, म्हणून २० टक्के जास्त घेऊ, १.२ किलो.' हे उत्तर इतके साहजिक वाटते की ते चुकीचे आहे यावर विश्वास बसत नाही. १.२ चे ८० टक्के ०.९६ होतात. अजून चाळीस ग्रॅम कमीच. घ्यावयास हवा १ ÷ ०.८ = १.२५ किलो, म्हणजे सव्वा. शंभराचे वीस टक्के आणि ऐंशीचे वीस टक्के एक नव्हेत. एक-पंचमांश गेला तर उरलेल्याचा एक-चतुर्थांश घालावा लागतो. कपाशी-तुरीच्या ओळींतील चार आणि पाच पुन्हा भेटले, पाहिलेत?

आता काढून-घालण्याची उदाहरणे. चाळीस लिटर दुधातून चार लिटर काढले, चार लिटर पाणी घातले. असे तीनदा केले. दूध किती उरले? तीनदा चार म्हणजे बारा, चाळीसातून बारा गेले, अठ्ठावीस, हे उत्तर चूक. कारण दुसऱ्या खेपेस काढलेले चार लिटर निव्वळ दूध नव्हते, त्यात दूध ३.६ होते, आणि तिसऱ्या खेपेस ३.२४. येथे काय गेले याचा हिशेब ठेवू नये, काय उरले याचा ठेवावा. दर खेपेस नऊ-दशांश उरते. ४० × ०.९ × ०.९ × ०.९ = २९.१६ लिटर. बस्स.

या रीतीचा उपयोग दुधापेक्षा फवारणीच्या पंपाला अधिक. धुऱ्यावर किंवा ज्वारीत २,४-डी हे तणनाशक मारले आणि तोच पंप पुढे कपाशीला वापरला, तर पंपात उरलेल्या अल्प अंशानेही कपाशीची पाने वेडीवाकडी होतात. कपाशी त्या औषधाला फारच नाजूक आहे. पंप धुणे आले. समजा सोळा लिटरच्या पंपात तळाशी, नळीत मिळून अर्धा लिटर औषध राहते, आणि धुऊन ओतले तरी दर वेळी अर्धा लिटर पाणी आत राहतेच. विहिरीवरून आणलेले पाणी आहे पंधरा लिटर. ते एकदम घालून एकदाच धुवावे, की पाच-पाच लिटर घालून तीनदा?

एकदम घातले तर अर्धा लिटर औषध साडेपंधरा लिटरमध्ये पसरले. तीव्रता एक-एकतिसांश झाली. तीनदा केले तर पहिल्या खेपेस अर्धा लिटर साडेपाच लिटरमध्ये, म्हणजे अकरावा हिस्सा. दुसऱ्या खेपेस त्याचा अकरावा. तिसऱ्या खेपेस त्याचाही अकरावा. ११ × ११ × ११ = १३३१. पाणी तेच पंधरा लिटर. एकीकडे ३१वा हिस्सा उरला, दुसरीकडे १३३१वा. सुमारे ४३ पट फरक! औषधाचे रिकामे डबे तीनदा खंगाळावे असे जे सांगतात त्याचे कारण हे. तरीही शहाणा शेतकरी तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवतो, कारण प्लॅस्टिकला आणि रबराला चिकटलेले औषध आपल्या गुणाकाराला जुमानत नाही. गणित कोठपर्यंत चालते हेही गणित शिकणाऱ्याला ठाऊक असावे.

सरासरी भावाबद्दल दोन शब्द. चाळीस रुपये किलोची आणि साठ रुपये किलोची संत्री सारख्या वजनाने घेतली तर सरासरी भाव पन्नास. पण सारख्या पैशाची घेतली तर? समजा १२०-१२० रुपयांची घेतली. पहिली तीन किलो, दुसरी दोन किलो. २४० रुपयांत पाच किलो, भाव ४८. 'सारखी घेतली' या शब्दांवर बोट ठेवावे : वजन सारखे, की पैसे सारखे?

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ज्यांनी लहानपणी घोकली ते ही उदाहरणे तोंडी करतात. कन्नडमध्येही पावाला 'कालु' आणि पाऊणला 'मुक्कालु' असे स्वतंत्र शब्द आहेत. ०.७५ लिहून गुणाकार करीत बसणाऱ्यापेक्षा 'पाऊण' म्हणणारा पुढे जातो, हा वर्गातील माझा रोजचा अनुभव आहे. ज्या भाषेत हिशेब पटकन जमतो त्या भाषेत तो मनात करावा आणि उत्तर परीक्षेच्या भाषेत लिहावे. परीक्षक मनात डोकावत नाही.

सरावासाठी चार उदाहरणे देत आहे. कागदावर फुली काढण्यापूर्वी उत्तर साधारण कोठे येईल ते मनाशी ठरवून पाहावे.

१) २२ कॅरेटचे १५ ग्रॅम सोने आहे. २० कॅरेटचे होण्यासाठी त्यात १४ कॅरेटचे किती घालावे लागेल?

२) शंभर लिटर पाण्यात दोनऐवजी तीन किलो मोरचूद विरघळवले. द्रावण शंभर लिटरच ठेवून दोन टक्क्यांवर आणावयाचे, तर किती लिटर काढून तेवढे पाणी घालावे?

३) दूध-पाणी ३ : १ आणि ५ : ३ अशी दोन भांडी आहेत. ७ : ३ चे मिश्रण हवे, तर पहिल्यातून व दुसऱ्यातून कोणत्या गुणोत्तरात घ्यावे?

४) वर सांगितलेला पंप तेवढ्याच पंधरा लिटर पाण्याने, पण तीन-तीन लिटर घालून पाच वेळा धुतला, तर औषधाचा कितवा हिस्सा उरेल?

उत्तरे : १) ५ ग्रॅम. २) ३३ पूर्णांक एक-तृतीयांश लिटर. ३) ३ : २. ४) १६,८०७वा हिस्सा.